कावासाकीनंतरचा खर्च : आधी झेड-स्कोअर विचारा

पाच-पाच दिवस न उतरणारा ताप, लालभडक डोळे, फुटलेले ओठ, अंगभर पुरळ आणि शेवटी बोटांच्या टोकांची निघणारी सालं. कावासाकी आजारातून मूल बाहेर काढलेल्या आईवडिलांना ही लक्षणं पाठ असतात. इस्पितळाचं बिलही पाठ असतं, कारण ते एकदम अंगावर येतं. आयव्हीआयजी हे औषध किलोमागे दोन ग्रॅम या हिशेबाने शिरेतून देतात. बारा किलोच्या मुलाला चोवीस ग्रॅम लागतं. ग्रॅमला दोन ते तीन हजार रुपये धरले, तर नुसत्या औषधाचेच पन्नास ते सत्तर हजार होतात. हा पैसा मात्र सत्कारणी लागलेला असतो. उपचार न झालेल्या साधारण चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत औषध मिळालं, तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं.

खरा गोंधळ घरी आल्यावर सुरू होतो. डिस्चार्ज कार्डावर ‘नियमित तपासणी’ एवढंच लिहिलेलं असतं. मग काही पालक धास्तीने वर्षानुवर्षं दर सहा महिन्यांनी टू-डी इको करत राहतात, गरज नसताना. काही पालक मूल पुन्हा धावायला लागलं म्हणून फाइल माळ्यावर टाकतात. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण फुगा असलेलं मूल दिसायला ठणठणीत असतं.

तुमच्या मुलाला पुढे किती तपासण्या लागणार, हे एका आकड्यावरून ठरतं: झेड-स्कोअर. मुलाच्या उंची-वजनाच्या मानाने कोरोनरी धमनी किती रुंद आहे, ते हा आकडा सांगतो. दोनच्या आत असेल तर धमनी नॉर्मल. दोन ते अडीच म्हणजे थोडी रुंदावलेली. अडीचच्या वर लहान फुगा, पाचच्या वर मध्यम. दहाच्या वर किंवा आठ मिलिमीटर रुंदीपासून पुढे तो महाकाय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये दिलेली ही विभागणी आपल्याकडचे बालहृदयरोगतज्ज्ञही वापरतात. आजचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच आजवरचा सर्वांत मोठा आकडाही. फुगा नंतर आक्रसला तरी धमनीची भिंत पूर्वीसारखी होतेच असं नाही.

म्हणून इकोची अपॉइंटमेंट घेताना दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. लहान मुलांचा इको करणारे डॉक्टर आहेत का? आणि कोरोनरी मोजून झेड-स्कोअर लिहून देतात का? मुंबई-पुण्यात खासगी केंद्रांत मुलांच्या इकोला साधारण दीड ते साडेतीन हजार पडतात. हजार-बाराशेत होणारा, मोठ्या माणसांच्या पद्धतीने उरकलेला इको ‘कोरोनरी नॉर्मल’ असा शेरा देतो आणि मिलिमीटरचा आकडाच देत नाही. त्या कागदाचा पुढे काही उपयोग नाही. दुसरा इको करावाच लागतो. मूल रडत असेल तर माप नीट येत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला झोपेचं औषध द्यावं लागेल का, उपाशी आणायचं का, हेही फोनवरच विचारून घ्या.

आता खर्चाकडे. खालचे आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी दरांवरून काढलेला ढोबळ अंदाज आहेत; केंद्रागणिक ते बरेच बदलतात.

धमन्या कधीच फुगल्या नाहीत, अशी मुलं सर्वांत जास्त. त्यांना घरी आल्यावर एक-दोन इको, तितक्याच भेटी आणि सहा ते आठ आठवडे कमी मात्रेतली अॅस्पिरिन लागते. अॅस्पिरिनची पट्टी दहा-पंधरा रुपयांत येते. सगळं मिळून दहा हजारांच्या आत भागतं. सहाव्या-आठव्या आठवड्याचा इको नॉर्मल आला की पहिल्या वर्षातच हृदयाच्या डॉक्टरांकडून रजा मिळू शकते. त्यानंतर कोणी दरवर्षी ‘हार्ट पॅकेज’ सुचवलं, तर कारण विचारा.

लहान फुगा असेल तर अॅस्पिरिन चालू राहते आणि वर्षाला एक भेट, ईसीजी, इको धरून चार ते सहा हजार लागतात. मूल ट्रेडमिलवर पळण्याएवढं झालं की दोन-तीन वर्षांनी एखादी स्ट्रेस टेस्ट, दीड-अडीच हजारांची. मध्यम फुग्याला भेटी वाढतात आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळीही येऊ शकते.

महाकाय फुग्याचं गणित मात्र वेगळं. फुग्यात रक्त संथ फिरतं, गुठळी होते आणि लहान वयात हार्ट अॅटॅक येऊ शकतो. म्हणून अॅस्पिरिनच्या जोडीला वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध देतात. गोळी स्वस्त, पैसे जातात ते रक्त किती पातळ झालंय हे सांगणाऱ्या आयएनआर तपासणीत. दर वेळी दोनशे ते चारशे रुपये, सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला. तान्ह्या बाळाला वॉर्फरिनऐवजी दिवसातून दोनदा हेपॅरिनचं इंजेक्शन द्यावं लागलं, तर खर्च कितीतरी वाढतो. पहिल्या वर्षी इको सहा-सात वेळा होतो. त्याशिवाय सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, आठ ते पंधरा हजारांची; मूल वाढतं तसं छातीवरून इकोला धमनीचं टोक दिसेनासं होतं, म्हणून ती पुढेही अधूनमधून लागते. पहिल्या वर्षाला पन्नास हजार बाजूला ठेवावेत, प्रवास आणि बुडालेली मजुरी वेगळी. सोलापूर किंवा गडचिरोलीच्या कुटुंबाला तोच भाग जड जातो. आयएनआर गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट डॉक्टरांना पाठवता येईल का, हे पहिल्याच भेटीत ठरवा. मात्र लॅब सारखी बदलू नका.

सरकारी योजनांकडून अपेक्षा नेमकी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण ते ठरलेल्या यादीतल्या, मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडीतला इको त्यात धरून चालू नका. मूल दाखल असतानाच इस्पितळातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, किंवा 155388 वर विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. पुढच्या तपासण्यांसाठी परळचं वाडिया, केईएम, पुण्याचं ससून, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज असे पर्याय आहेत. रांग लांब असते, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. महाकाय फुगा असेल तर मी रांगच निवडेन, कारण अशी मुलं जिथे जास्त येतात तिथला अनुभव पैशाने मिळत नाही.

काही गोष्टी फुकट किंवा स्वस्तात होतात आणि त्याच राहून जातात. आयव्हीआयजीनंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी साधारण अकरा महिने पुढे ढकलतात. आधी टोचल्या तर त्यांचा परिणाम कमी पडू शकतो आणि कांजिण्यांच्या लसीचे दोनेक हजार वाया जातात. अॅस्पिरिन चालू असलेल्या मुलाला दरवर्षी फ्लूची लस द्यावी. कांजिण्यांचा किंवा फ्लूचा संशय आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्या तापात अॅस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला धोका असतो. तापाला आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका, ते अॅस्पिरिनचं काम अडवतं.

विमा घेताना आजार लपवू नका. पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तो निभावता येतो. लपवलं आणि उघडकीस आलं, तर दावा नाकारला जातो. वीस-बावीस वर्षांनी हे मूल मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाईल, तेव्हा लहानपणीचा सर्वांत मोठा झेड-स्कोअर किती होता, हा पहिला प्रश्न असेल. फुगा असलेल्या मुलीच्या बाबतीत तोच प्रश्न गरोदरपणाआधी येईल, आणि वॉर्फरिन चालू असेल तर तो फार आधी सोडवावा लागेल.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र मागून घ्या: आजाराची तारीख, आयव्हीआयजी कधी दिलं, सर्वांत मोठा आणि आत्ताचा झेड-स्कोअर, चालू औषधं, पुढची तपासणी कधी. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. या पत्राचे वेगळे पैसे सहसा कोणी घेत नाही.