हलक्या जेट विमानाच्या मर्यादा : वैमानिकाने पाठ कराव्यात, मालकाने पाळाव्यात

टेम्पोच्या कागदावर दीड टनाचा आकडा असतो आणि मालक दोन टन माल भरतो. पाटे कुरकुरतात, टायर बसतात, पण बहुतेक वेळा माल ठिकाणावर पोहोचतो. त्यामुळे आपली अशी समजूत होते की कागदावरचा आकडा नावापुरता आणि गाडीची खरी ताकद त्याहून जास्त. विमानाच्या बाबतीत हीच समजूत जिवावर बेतते.

हा विषय आपल्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आज अनेक व्यापारी कामासाठी छोटी जेट विमाने भाड्याने घेतात, आणि आपली मुले वैमानिक किंवा विमान दुरुस्तीच्या शिक्षणाकडे वळत आहेत. दोघांनाही हा धडा उपयोगी आहे.

प्रत्येक विमानाबरोबर एक मंजूर हस्तपुस्तिका असते. तिच्यातील ‘मर्यादा’ हे प्रकरण कायद्याने बंधनकारक असते. उदाहरणासाठी आपण ‘सेसना सायटेशन मस्टँग’ हे विमान घेऊ. दोन इंजिनांच्या या छोट्या जेटला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली आणि २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. ते एकट्या वैमानिकाने चालवण्याचीही परवानगी आहे.

वजनाचे चार आकडे

जमिनीवर इंजिन सुरू करताना या विमानाचे वजन जास्तीत जास्त ३,९६० किलो असावे. उड्डाणाच्या क्षणी ३,९२१, उतरताना ३,६२९, आणि टाक्यांतील इंधन सोडून बाकी सर्व मिळून ३,०६२ किलो.

आता हिशेब मांडू. समजा, वैमानिकासह रिकाम्या विमानाचे वजन २,५८५ किलो आहे. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधन सुमारे १,१७० किलो होते. ३,९६० मधून हे दोन्ही वजा केले की उरतात फक्त २०५ किलो. म्हणजे सामानासह दोन, फार तर तीन माणसे. खुर्च्या जास्त असल्या तरी पूर्ण टाकीवर त्या सगळ्या भरता येत नाहीत.

माणसे जास्त न्यायची असतील तर इंधन कमी घ्यावे लागते. तरीही तिसरी मर्यादा आडवी येते : ३,०६२ वजा २,५८५, म्हणजे माणसे व सामान मिळून ४७७ किलोच्या वर नाही. इंधन पंखांत असते आणि माणसे मधल्या धडात. धडातला भार वाढला की पंखांच्या सांध्यावर ताण येतो, म्हणून ही मर्यादा वेगळी सांगितलेली असते.

उड्डाणाचे आणि उतरण्याचे वजन यांत २९२ किलोंचा फरक आहे. पूर्ण भाराने उडालेले विमान लगेच परत फिरले तर ते उतरण्याच्या मर्यादेपेक्षा जड असते. प्रवास लहान असेल तर किती इंधन जळेल, हे आधीच मोजावे लागते.

वजन मर्यादेत असले म्हणून काम संपत नाही. ते कोठे ठेवले हेही मोजावे लागते. नाक जड झाले तर विमान उचलत नाही आणि शेपूट जड झाली तर ते आवरत नाही. तराजूची दांडी सरळ राहावी, इतका साधा नियम आहे.

वेग आणि उंची

खालच्या उंचीवर मस्टँगची मर्यादा २५० नॉट्स आहे. तेथे हवा दाट असते आणि तिचा दाब विमानाच्या सांगाड्यावर येतो. वर हवा विरळ होते, तेव्हा मर्यादा ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात मोजतात : ०.६३. त्यापुढे पंखांवरून जाणारी हवा बिघडते आणि विमानावरचा ताबा सुटू लागतो.

उंचीची मर्यादा ४१,००० फूट. तेथे केबिनमधील हवेचा दाब गेला तर माणसाची शुद्ध जेमतेम १५ ते २० सेकंद टिकते. म्हणून प्राणवायूचा मुखवटा हाताशी असणे आणि तो उड्डाणापूर्वी तपासणे सक्तीचे असते. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांचे लिअरजेट ३५ विमान ऑर्लँडोहून डॅलसला निघाले. दाब गेला, वैमानिकांना वेळेत प्राणवायू मिळाला नाही, आणि विमान तासन्‌तास आपोआप उडत साउथ डकोटात कोसळले. सहाही जण गेले.

ऊन, वारा आणि धावपट्टी

गरम हवा विरळ असते. इंजिनाचा जोर घटतो, पंखांची उचल घटते आणि धावपट्टी जास्त लागते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पहाटे जमणारे वजन दुपारी जमेलच असे नाही. वारा मागून असला तरी धावपट्टी जास्त लागते. बहुतेक हलक्या जेटना मागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट्स असते.

बर्फाचा नियम

थंड ढगांत पंखांवर बर्फ धरतो, पंखांचा आकार बदलतो आणि उचल कमी होते. अशा हवेत बर्फ हटवणारी यंत्रणा चालू करणे बंधनकारक असते. मात्र ती चालू केली की उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टीही लांब लागते.

८ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील गेदर्सबर्ग येथे ‘फेनॉम १००’ जातीचे छोटे जेट उतरत होते. ढगांत बर्फ असूनही वैमानिकाने पंखांची व शेपटीची यंत्रणा चालू केली नव्हती. विमान कमी वेगाने आले. यंत्रणा बंद असल्याने धोक्याची सूचनाही पंख स्वच्छ असल्याच्या हिशेबाने, म्हणजे उशिरा वाजली. उचल संपली आणि सावरायला उंची उरली नाही. विमान घरांवर पडले. विमानातील तिघे गेले, शिवाय एका घरातील आई आणि तिची दोन लहान मुले. त्या घराचा या प्रवासाशी काडीचाही संबंध नव्हता.

मालकाने काय करावे

१) प्रवाशांचे आणि सामानाचे खरे वजन सांगावे. नमुन्यांची एक पेटी ऐन वेळी चढवू नये.
२) बैठकीची वेळ अशी ठेवावी की दोन तासांचा उशीर सोसेल.
३) वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला तर कारण विचारावे, पण दबाव आणू नये. पुढचे काम काढून घेण्याची धमकी तर मुळीच नको.

चुकलेला सौदा पुढच्या महिन्यात पुन्हा होऊ शकतो. वैमानिकाची शिकवणी घेणाऱ्या मुलांनी आकडे पाठ करावेत, त्यांमागची कारणेही समजून घ्यावीत, आणि पैसे देणाऱ्या माणसासमोर ‘नाही’ म्हणण्याची सवय आतापासून लावून घ्यावी. परीक्षेत आकडे विचारतात. नोकरीत मात्र रोज हे ‘नाही’ म्हणण्याचीच कसोटी लागते.