पंप पाठीवर घेण्याआधी

शहरात झुरळं-ढेकणांवर फवारा मारण्याचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो, आणि त्यासाठी पदवी असलेला, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेला माणूस पदरी असावा लागतो. ड्रोननं फवारणी करायला निघालेल्या बचत गटातल्या ताईला ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15 दिवस शिकवतात. त्यातले 5 दिवस ड्रोन उडवण्याचे, 10 दिवस खत-औषध फवारण्याचे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी वर्षभराची पदविका आहे. आणि सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन छातीएवढ्या पऱ्हाटीत शिरणाऱ्या मजुराला कोण शिकवतं? त्याला दुकानदार सांगतो, ‘पंपाला दोन झाकणं टाक.’ झालं त्याचं प्रशिक्षण.

हा विषय कृषी पुरवणीतला, आरोग्याच्या सदरात कशाला, असं वाटेल. पण पेशंट शेवटी आमच्याकडंच येतो. येतो तो ‘ऊन लागलं’ म्हणत. डोकं जड, मळमळ, अंगाला घाम, डोळ्यांपुढं धूसर. बरेचदा ऊन लागलेलंही असतं, म्हणून फसायला होतं.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण भरती झाले. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, म्हणजे फवारा पायाकडं न जाता तोंडासमोर उडत होता. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. वरून उकाडा. यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण डॉक्टर म्हणून मला त्यातली एक बाब फार मोठी वाटते. स्वतःच्या शेतात फवारणारा शेतकरी हंगामात मोजक्या वेळा पंप उचलतो. ठेक्यानं फवारणारा मजूर मात्र आज या शेतात, उद्या त्या शेतात, आठवडे-आठवडे सलग विषात असतो. शिकवायला हवं ते सगळ्यात आधी त्याला, आणि गावातल्या सभेत खुर्चीवर बसलेला बहुधा तो नसतो.

आता शिकवायचं काय? बहुतेकांची समजूत अशी की विष नाकातोंडातून जातं. म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की माणूस निर्धास्त. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष जातं ते मुख्यतः कातडीतून. आणि कातडी सगळीकडं सारखी नसते. अमेरिकेत पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेला एक जुना प्रयोग विषशास्त्रात प्रसिद्ध आहे. कोपराखालच्या हाताच्या कातडीतून जेवढं विष आत गेलं, त्याच्या जवळपास चौपट डोक्याच्या टाळूतून गेलं, कपाळातून चौपटीहून थोडं जास्त, आणि अंडकोषाच्या कातडीतून सुमारे बारापट. हा शेवटचा आकडा मी सभेत सांगतो तेव्हा आधी हशा पिकतो, मग सगळे गप्प होतात.

नुसता आकडा मात्र चार दिवसांत विसरला जातो. त्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. पंप स्वच्छ धुऊन घ्यायचा, औषधाऐवजी कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी त्यात भरायचं, मजुराला जुना पांढरा सदरा-पायजमा घालायला द्यायचा आणि रोजच्यासारखं वीस मिनिटं फवारायला सांगायचं. परत आल्यावर त्याला उन्हात उभं करून सगळ्यांनी नीट पाहायचं. छातीवर थोडेसे शिंतोडे. मांड्या आणि जांघा गर्द निळ्या, कारण तो फवारत फवारत त्याच ओल्या झाडांमधून पुढं चालतो. पंपाच्या झाकणातून गळलेला ओघळ पाठीवरून थेट कमरेपर्यंत. नळी आणि दांडीच्या जोडापाशी धरलेली मूठ ओली. तोंडाचा दुपट्टा जवळपास कोरा. यानंतर भाषण करावं लागत नाही. गळकं झाकण आधी दुरुस्त करायचं, वारा पाठीकडून घ्यायचा, फवारलेल्या ओळीत शिरायचं नाही, हे लोक स्वतःच बोलायला लागतात.

कपड्यांचं थोडं खरं बोलू. संरक्षक किट वाटले जातात आणि खुंटीला टांगून राहतात. भादव्याच्या उकाड्यात तो अंगभर प्लास्टिकचा झगा अर्धा तास सहन होत नाही, चष्म्यावर वाफ धरते, समोरचं दिसत नाही. मजूर तो घालत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही. सगळं जमत नसेल तर निदान निळ्या डागांच्या जागा झाका. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, कमरेपासून घोट्यापर्यंत समोर बांधलेलं प्लास्टिक, पाठ आणि पंप यांच्यामध्ये दुसरं प्लास्टिक, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पायजमा बुटाच्या बाहेरून सोडायचा. आत खोचला तर ओघळ बुटात साचतो आणि दिवसभर पाय विषात भिजतो. हातमोजे नायट्राइल रबराचे घ्या, दवाखान्यातले पातळ नकोत. पाण्यानं भिजवलेला दुपट्टा नाकाला लावण्याची पद्धत तर सोडूनच द्या. तो फवारा शोषून घेतो आणि तेच विष ओठांशी धरून ठेवतो. नाकाला लेबलवर सांगितलेला मास्क लावा. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करा, म्हणजे कपडे अंगावर राहतील.

सगळ्यात धोक्याचा क्षण शेतात नसतो, धुऱ्यावर असतो. बाटलीतलं औषध अजून पातळ व्हायचं असतं तेव्हा. बादलीत कोपरापर्यंत हात घालून कालवणारे लोक आजही आहेत. काठीनं ढवळा, हातमोजे आणि चष्मा घालूनच माप घ्या. दोन औषधं एकत्र करायची की नाही, हे लेबल आणि कृषी अधिकारी ठरवतील, शेजारचा नाही. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायची सवय अनेकांना आहे. पंपाच्या पट्ट्याला जुना टूथब्रश बांधून ठेवा, त्यानं साफ करा. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. विदर्भात याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. औषधाच्या हातानं पन्नी चोळायची, मग त्याच बोटांनी चिमूट गालात सरकवायची. गालाच्या आतली त्वचा किती पातळ असते! हात साबणानं धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, पाणी, भाकर काहीही नको. खर्रा सुटलाच तर फारच छान, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण न वाचता येणाऱ्यालाही ओळखता येतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मात्र हे रंग मुख्यतः पोटात गेल्यावर किती मात्रा प्राणघातक ठरते यावरून दिलेले आहेत. डोळ्यात उडालं तर काय होईल, रोज थोडंथोडं अंगात गेलं तर काय होईल, हे त्रिकोण सांगत नाही. हिरवा दिसला म्हणून उघड्या हातानं कालवू नका. रिकामा डबा घरी वापरू नका. 2013 मध्ये बिहारमधल्या एका शाळेत दुपारचं जेवण खाऊन 23 मुलं गेली, कारण स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं; ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचा संशय होता. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा.

लक्षणांकडं वळू. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली औषधं शरीरातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. नसांचा संदेश पोचला की तो पुसून टाकण्याचं काम या विकराचं. तेच बंद पडलं की तोटी तुटलेल्या नळासारखी गत होते, वाहणं थांबत नाही. लाळ, घाम, डोळ्यांचं पाणी, छातीत कफ, जुलाब, सगळं एकदम सुरू. स्नायू फडफडतात. ऊन लागलंय की विषबाधा, हे ओळखायला एक सोपी खूण: एकाच उजेडात रोग्याच्या आणि शेजारच्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहा. रोग्याच्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर वेळ घालवू नका. बाहुल्या नेहमीसारख्या असल्या तरी फवारणीनंतरचा त्रास अंगावर काढू नका. सगळी औषधं या गटातली नसतात आणि काहींवर उतारा म्हणून वेगळं औषधच नाही.

अशा माणसाला आधी शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. कपडे उतरवा, केसांसकट सगळं अंग साबण-पाण्यानं धुवा; धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. डोळ्यात गेलं असेल तर 15 ते 20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. दूध, ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, बोटं घालून ओकारी काढू नका. 108 ला फोन करा आणि डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. ‘ती पांढरी पावडर’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देतं. डॉक्टरलाही आणि तुम्हालाही. अॅट्रोपिनचा उतारा मिळाला की माणूस सावरतो आणि घरी जायची घाई करतो. थांबा. पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उशीवरून डोकं उचलता येत नाही, ही त्याची पहिली खूण. तेव्हा तो घरी असला तर हाती काही उरत नाही.

आता कायदा. 1971 च्या कीटकनाशक नियमांत आरोग्याची कलमं आहेत आणि ती वाचून मी स्वतः चकित झालो होतो. कीटकनाशकं हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या कामगाराची कामाला लावण्याआधी डॉक्टरी तपासणी, मग कारखान्यातल्यांची निदान दर तीन महिन्यांनी आणि फवारणाऱ्यांसह बाकीच्यांची दर वर्षी; वर सांगितलेल्या दोन गटांतली औषधं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं तर दर महिन्याला रक्तातलं कोलिनएस्टरेज. सुरक्षेचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणीचं काम चालवणारे यांच्यावर. पन्नास वर्षांहून जुना नियम आहे हा. माझ्याकडं कोणी मालक आपल्या फवारणाऱ्या मजुराला घेऊन वर्षाच्या तपासणीला आलेला मला आठवत नाही.

रक्ताची ही तपासणी एरवी फारशी कामाची का होत नाही, तेही सांगतो. कोलिनएस्टरेजचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. एखाद्याचं मूळचंच भरपूर. ते तिसऱ्या हिश्श्यानं घटलं तरी अहवालात ‘नॉर्मल’ छापून येतं. म्हणून हंगामाआधी, औषधाला हात लावण्यापूर्वी, एकदा रक्त तपासून तो आकडा जपून ठेवायचा आणि पुढचे आकडे त्याच्याशी ताडायचे. कॅलिफोर्नियात याचे नियमच आहेत. स्वतःच्या मूळ आकड्यापेक्षा 20 टक्के घट झाली की कामाची पद्धत तपासायची, आणि लाल पेशींतलं विकर 30 टक्क्यांनी घटलं की त्या कामगाराला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं. घटलेलं विकर भरून यायला काही आठवडे लागतात, कधी महिने. ‘सलाइन लावून आलो, परवापासून पंप उचलतो’ असं जे म्हणतात, त्यांना माझं म्हणणं हेच असतं: सलाइननं ते भरून येत नाही.

मग फवारणी शिकल्याचा दाखला मजुरांना द्यायचं ठरलं, तर तो कुणाला द्यावा? माझं मत विचाराल तर, लेखी परीक्षा मुळीच घेऊ नये. अक्षर न येणाऱ्यालाही उत्तम फवारणी करता येते. त्याला पंप हातात द्या. गळती शोधायला सांगा. वारा कुठून येतोय ते मूठभर माती सोडून दाखवू द्या. चार डबे ठेवून सगळ्यात जहाल कोणता ते विचारा. काम संपल्यावर हातमोजे कसे काढतो ते मात्र बारकाईनं पाहा, कारण तिथंच बहुतेक जण चुकतात. आधी हातमोज्यांसकट हात साबणानं धुवायचे, मग मोजे थोडेथोडे सैल करून काढायचे आणि पुन्हा नुसते हात धुवायचे. दाखला वर्षभराचा असावा आणि त्यावर रक्ताचा मूळ आकडा लिहिलेला असावा. अठराच्या आतली मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, दम्याचे रोगी, हातापायावर उघडी जखम असलेले आणि नुकतीच विषबाधा होऊन गेलेले यांना तो देऊ नये. घरी फवारणीचे कपडे धुणाऱ्या बाईलाही त्याच प्रशिक्षण वर्गात बसवावं. तिनं हातमोजे घालून ते वेगळे धुवायचे, लेकरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत आणि ते पाणी विहिरीजवळ टाकायचं नाही, हे तिला कोण सांगतं?

‘दाखल्यानं मजुरी वाढेल का?’ असं मला मजूर विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. वाढायला हवी. पंपावर मजुरी ठरली की माणूस पंप वाढवायला धावतो, वारा सुटला तरी थांबत नाही. ठेका दिवसावर ठरवा, आणि फवारणीचा एक दिवस झाला की त्याच माणसाला निंदणीला किंवा खताला लावा. एवढं मालकाच्या हातात आहे, त्याला शासन निर्णय लागत नाही.

बाकी, गावात वर्ग घ्यायचा असेल तर तालुका कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पत्र द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी बोलवा, म्हणजे रक्ताचे नमुने तिथंच घेता येतील. तारीख पेरणीच्या आधीची धरा. पोळ्यानंतर ठेवाल तर बऱ्याच फवारण्या होऊन गेलेल्या असतील आणि आमच्याकडं तेव्हा खाटा रिकाम्या नसतात.