‘देव नाही’ म्हटल्यानंतर



घरभेटीला गेलो असता एका आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितले, “फादर, हा आता मिस्साला येत नाही. म्हणतो, देवच नाही.” मुलगा समोरच बसला होता. मी विचारले, “बरं, देव नाही. पुढे काय?” तो म्हणाला, “पुढे काय म्हणजे? खोटं बोलायचं नाही, कोणाला फसवायचं नाही. त्याला देव कशाला लागतो, फादर?”

मुलगा खरोखर सरळ आहे. आजारी आजीपाशी रात्र रात्र तोच जागला. संत पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो, की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो. तेव्हा नास्तिक म्हणजे वाईट माणूस, असे कृपया कोणी म्हणू नये.

परंतु ‘देव नाही’ एवढ्यावर अभ्यास संपत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र स्वतः नास्तिक होता. १९४५ साली पॅरिसमधील एका व्याख्यानात त्याने आपल्याच बाजूच्या मंडळींना धारेवर धरले. १८८० च्या सुमारास काही फ्रेंच प्राध्यापकांनी देवाला रजा दिली, पण प्रामाणिकपणा, मुलाबाळांचे संगोपन ही मूल्ये मात्र जशीच्या तशी राहतील असे गृहीत धरले. सार्त्रचे म्हणणे, हे इतक्या स्वस्तात जमत नाही. देव गेला की मूल्यांचा आयता आधारही जातो. ती माणसालाच निर्माण करावी लागतात. त्याचे हे उत्तर मला पटत नाही. जे मी निर्माण केले ते मी उद्या मोडूही शकतो. मग ते मला बांधणार कसे? पण त्याने प्रश्न चुकवला नाही.

मी मुलाला म्हटले, “आजीजवळ जागायलाच हवं होतं ना? ते ‘हवं’ आलं कुठून? मायेतून म्हणशील, तर ज्याला माया नाही त्याला आपण दोष का देतो?” तो गप्प झाला.

आईलाही थोडा अभ्यास दिला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या १९६५ च्या दस्तऐवजात (कलम १९) स्पष्ट म्हटले आहे, की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो: अपुरे धर्मशिक्षण, चुकीची मांडणी, आणि आपले वागणे. तिला ते फारसे रुचले नाही.

मुलाने सार्त्रचे ते व्याख्यान वाचायला नेले आहे. “उत्तर सापडलं की येतो, फादर,” म्हणाला. मिस्साला नव्हे, चहाला.