बसली म्हणजे जुळली नव्हे : जुन्या संगणकासाठी फ्लॉपी

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक वापरला गेला. आज असा एखादा संगणक कपाटातून निघाला आणि चालू झाला, तरी एक प्रश्न उरतो : प्रोग्राम साठवायचा कशावर? डिस्क ड्राइव्ह जोडलेला असेल तर सव्वापाच इंची फ्लॉपी लागते. ती आता नव्याने तयार होत नाही. म्हणून हाती आलेली प्रत्येक फ्लॉपी नीट निवडून वापरली पाहिजे.

निवड : या आकाराच्या फ्लॉपी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, डीडी आणि एचडी. दोन्ही ड्राइव्हमध्ये सारख्याच बसतात. पण पायात शिरला म्हणून बूट मापाचा होत नाही. डीडीचा चुंबकीय थर सुमारे ३०० ऑर्स्टेडचा, तर एचडीचा सुमारे ६०० ऑर्स्टेडचा असतो. म्हणजे एचडीवर खूण उमटवायला जास्त जोर लागतो. बीबीसीच्या ड्राइव्हमध्ये तो जोर नसतो. एचडी फ्लॉपी कधी फॉरमॅट होतेही, पण लिहिलेले कच्चे राहते आणि पुढे वाचताना चुका येतात. म्हणून लेबलवर ‘डीडी’ किंवा ‘डबल डेन्सिटी’ पाहून घ्यावे. लेबल नसेल तर मधले भोक पाहावे. त्याभोवती मजबुतीचे कडे असेल तर ती बहुधा डीडी असते.

तपासणी : लांबट खिडकीतून दिसणारा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून, हळूहळू फिरवून पाहावा. त्याला बोट लावू नये. गोल ओरखडे किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते आणि तेच हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. एका फ्लॉपीच्या लोभाने अख्खा डबा जाऊ शकतो.

तयारी : ड्राइव्ह ४० ट्रॅकचा आहे की ८० ट्रॅकचा, हे आधी ठरवावे. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हसाठी ‘स्टार फॉर्म ८०’ हा आदेश देतात. काही यंत्रांत तो चिपमध्येच असतो, तर काहींत युटिलिटी डिस्कवरून चालवावा लागतो. फॉरमॅट केल्यावर फ्लॉपीवरचे जुने सारे पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. हिशेब सोपा आहे : ८० ट्रॅक × १० सेक्टर × २५६ बाइट = २,०४,८०० बाइट, म्हणजे एका बाजूवर २०० किलोबाइट. मूळ पद्धतीत त्यावर ३१ फाइलीच मावतात, कारण सूचीसाठी पहिले दोनच सेक्टर राखलेले असतात.

यानंतर ‘स्टार व्हेरिफाय’ देऊन सगळे ट्रॅक वाचून घ्यावेत. चूक दाखवली तर पुन्हा फॉरमॅट करावे. तरीही चूक आली तर त्या फ्लॉपीवर महत्त्वाचे काही ठेवू नये.

४० ट्रॅकच्या ड्राइव्हवर लिहिलेल्या फ्लॉपीवर ८० ट्रॅकच्या ड्राइव्हने लिहू नये. त्याचे हेड अरुंद असते, त्यामुळे जुन्या ट्रॅकच्या कडा पुसल्या जात नाहीत. मग ४० ट्रॅकच्या ड्राइव्हला जुने आणि नवे एकत्र ऐकू येते. अशी फ्लॉपी ८० ट्रॅकवर फक्त वाचावी.

जपणूक : काम झाल्यावर कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी, म्हणजे चुकून लिहिले जात नाही. (साडेतीन इंची फ्लॉपीत उलटे असते : भोक उघडे असेल तर ती सुरक्षित.) लेबल आधी लिहून मग चिकटवावे. चिकटवल्यावर लिहायचे तर मऊ टोकाचे पेन घ्यावे, कारण बॉलपेनचा दाब आतल्या चकतीवर उमटतो. फ्लॉपी उभी ठेवावी, स्पीकरपासून दूर. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.

आणि ज्या फाइलीची दुसरी प्रत नाही, ती फाइल सुरक्षित आहे असे समजू नये.