गाडीतली दुसरी बॅटरी : भरवशाचे किट कसे तयार व्हावे?

सोलापुरातून चादर, टॉवेल, नॅपकिनचे गठ्ठे गाडीत भरून बाजारोबाजार फिरणारे आपले व्यापारी बांधव थोडेथोडके नाहीत. मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी, तुळजापूरकडचे बाजार, गुलबर्ग्याचा उरूस, पंढरपूरची वारी, आणि घरचीच म्हणावी अशी जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. बहुतेकांकडे बोलेरो, जुनी ट्रॅक्स किंवा पिकअप असते. दिवस मावळला की गाडीच्याच बॅटरीवरून दुकानाचे दिवे, पंखा आणि मोबाईलचे चार्जर चालू होतात. रात्री दहाला गठ्ठे आवरून चावी फिरवावी तर सेल्फ नुसता 'टक' करतो. मग उघड्या माळावर गाडीला धक्का मारायला माणसे शोधत फिरायचे. दिवसभराचा गल्ला खिशात असताना ही वेळ येणे किती जोखमीचे, हे फिरत्या व्यापाऱ्यास सांगायला नको.

यावर उपाय म्हणून गाडीत दुसरी बॅटरी बसवतात. ऑस्ट्रेलियात ओसाड प्रदेशात दिवस-दिवस फिरणाऱ्या लँड क्रूझर गाड्यांत दोन बॅटऱ्या असणे नवलाचे नाही आणि त्याची तयार किटे दुकानात मिळतात. आपल्याकडेही थार, गुरखा घेऊन रानात मुक्काम करणारी तरुण मंडळी वाढली आहेत. शेतावर, खाणीवर, मंडपाच्या कामावर कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या तर आहेतच. परंतु हे काम अजून बरेचसे वायरमनच्या अंदाजावर चालते. आमचे म्हणणे असे की, यात बॅटरी हा सोपा भाग आहे, ती कोणीही विकत आणील. अवघड आहे ती दोन बॅटऱ्यांमधली जोडणी. ती भरवशाची करून विकणे हा आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांसाठी स्वतंत्र धंदा होऊ शकतो.

प्रथम दोन्ही बॅटऱ्यांचा स्वभाव समजून घ्यावा. गाडीच्या मूळ बॅटरीतल्या प्लेटा पातळ व संख्येने जास्त असतात. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरवायला तिने क्षणभर दोनशे-तीनशे अँपिअर द्यावे आणि डायनॅमोने तिला लगेच भरून काढावे, एवढेच तिचे काम. तिला रोज अर्ध्यावर उतरवले तर ती थोड्याच महिन्यांत बसते. दिवे-पंख्यासाठी जाड प्लेटांची, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी लागते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी या जातीची असली तरी ती एका जागी उभी राहण्यासाठी केलेली असते, कच्च्या रस्त्याचे हादरे तिला मानवत नाहीत. त्यापेक्षा ई-रिक्षाची बॅटरी बरी, कारण ती रोज उतरण्यासाठी आणि रस्त्यावर चालण्यासाठीच बनवलेली असते.

आता हिशेब करू. बारा वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ४८ वॅट, छोटा पंखा २४ वॅट, मोबाईल व बिलाचे यंत्र मिळून १२ वॅट. एकूण ८४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सात अँपिअर. पाच तास बाजार चालला तर ३५ अँपिअर-तास खर्ची पडले. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, तरच ती टिकते. म्हणून निदान ७०-७५ अँपिअर-तासांची बॅटरी हवी. इथवर बरेच जण येतात. पुढचा अर्धा हिशेब मात्र राहून जातो. खर्च झालेले ३५ परत भरायला वाया जाणारे धरून सुमारे ४२ लागतात. डायनॅमोने वीस अँपिअरप्रमाणे दिले तरी दोन तासांहून जास्त झाले, आणि शेवटचा पाचवा हिस्सा तर फार सावकाश भरतो. अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे चाळीस कि.मी., म्हणजे तासाभराचा रस्ता. रोज खर्च दोन तासांचा आणि जमा एका तासाची, अशा दुकानाचे काय होते ते व्यापाऱ्याला कळते. बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती अकाली मरते. म्हणून घरी रात्री लावायचा चार्जर किंवा टपावर शंभर वॅटचे सौर पॅनेल हा किटचाच भाग समजावा. आपल्याकडच्या उन्हात असे पॅनेल दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास सहज भरते.

जोडणीचे मुख्य तत्त्व एकच आहे. इंजिन चालू असेल तेव्हा दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या असाव्यात, बंद होताच त्या वेगळ्या व्हाव्यात. नुसत्या तारेने दोन्ही एकत्र बांधून ठेवल्या तर दोन्ही मिळून उतरतात, आणि धक्का मारणे काही टळत नाही. काही जण मधे डायोड टाकतात. त्याने प्रवाह उलट जात नाही हे खरे, पण साध्या डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट गळतात. डायनॅमोने १४.२ दिले तर दुसऱ्या बॅटरीच्या पदरी साडेतेरा पडतात, ती कधीच पुरती भरत नाही. काही जण सेल्फचा सोलेनॉईड वापरतात, कारण तो स्वस्त असतो आणि हाताशी असतो. तो काही सेकंद ओढण्यासाठी केलेला आहे. दोन तास चालू ठेवला की त्याची कॉइल जळते.

तिसरा प्रकार साध्या रिलेचा, आणि त्यातला धोका वरून दिसत नाही. दुसरी बॅटरी पार रिकामी असताना इंजिन चालू झाले की एकदम साठ-सत्तर अँपिअरचा लोंढा जातो. चाळीस अँपिअरच्या रिलेचे पॉइंट त्या लोंढ्यात चिकटतात. चिकटलेला रिले बाहेरून ठीक दिसतो, चार्जिंगही होते. पण इंजिन बंद केल्यावर तो सुटत नाही, आणि मालकाला ते बाजारात रात्री कळते. म्हणून सतत चालण्यासाठी केलेला शंभर अँपिअरचा रिले घ्यावा आणि तोही व्होल्टेज पाहून चालणारा असावा. असा रिले साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ च्या आसपास काही सेकंद थांबून सोडतो. दुकानाच्या बाजूला वेगळा कट-आउट असावा, जो बॅटरी १२ व्होल्टच्या जवळ उतरली की दिवे बंद करील. दिवे गेले म्हणून गिऱ्हाईक कुरकुरेल, पण बॅटरी वाचेल.

नव्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या काहींचा डायनॅमो इंधन वाचवण्यासाठी संगणकाच्या हुकमाने व्होल्टेज कमी-जास्त करतो. अशा गाडीत वरचा रिले मधेच सोडतो आणि दुसरी बॅटरी उपाशी राहते. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो खाली-वर होणारे व्होल्टेज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढेच देतो. लिथियम फॉस्फेटची बॅटरी बसवायची असेल तरी हाच चार्जर हवा, कारण ती बॅटरी एवढ्या जोराने प्रवाह ओढते की डायनॅमो तापून निकामी होऊ शकतो. गिऱ्हाइकाची गाडी पाहिल्याशिवाय किट विकू नये, ते याच कारणाने.

तारेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फसवणूक इथेच जास्त होते. पुढून मागे चार मीटर आणि परतीचे चार, असे आठ मीटर अंतर धरा व तीस अँपिअर प्रवाह धरा. घरगुती चार चौरस मि.मी. तारेत सुमारे १.१ व्होल्ट गळतात, सहा चौरस मि.मी.मध्ये पाऊण व्होल्ट आणि सोळा चौरस मि.मी.मध्ये पाव व्होल्टहून किंचित जास्त. चांगला रिले घेऊन बारीक तार टाकणे म्हणजे महागडी चादर विणून तिला कच्चा रंग देणे आहे. शिवाय बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार 'कॉपर' म्हणून सर्रास खपवली जाते. तिची गळती दीडपटीहून जास्त. ओळखायला सोपी आहे : हातात घेतली की हलकी लागते आणि ब्लेडने एक धागा खरवडला की आतून पांढरी निघते.

आता आगीची गोष्ट. आमच्यासारख्या कापडवाल्याच्या गाडीत मागे सगळा सुती माल असतो आणि दुसरी बॅटरी बसते तीही मागेच. पत्र्याच्या कडेवर घासून तारेचे आवरण फाटले तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, तार लाल होते आणि गठ्ठे पेट घेतात. या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, हे कारागिराने कधी विसरू नये. एका टोकाचा फ्यूज उडाला तरी दुसरी बॅटरी तारेला जाळतच राहते. म्हणून फ्यूज दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत. सोळा चौरस मि.मी. तारेला साठ अँपिअरचा फ्यूज पुरतो. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी वायसर, तारेवर नागमोडी प्लास्टिकची नळी, लग दाबयंत्राने दाबलेले. नुसत्या झाळकामावर भागवू नये, झाळलेला सांधा हादऱ्यांनी तुटतो. पाणी टाकायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती बंद पेटीत किंवा माणसे बसतात तिथे उघडी ठेवू नये. हवा बाहेर जाईल अशी नळी काढावी.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ वर. शिशाच्या बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बॉनेटखाली जागा मिळाली तरी दुसरी बॅटरी तिथे बसवू नये ती यासाठीच. चार्जर घेताना तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा घ्यावा. ४५ अंशांवर ते साधारण अर्ध्या व्होल्टने कमी लागते.

एवढे जमवले म्हणजे किट तयार झाले असे नाही. आपल्या टॉवेलच्या धंद्यात नमुना धुऊन पाहिल्याशिवाय माल रवाना करत नाहीत. रंग सुटला तर अख्खी ऑर्डर परत येते. किटचीही तशीच धुलाई करावी. टेबलावर दोन बॅटऱ्या मांडून दुसरी पुरती उतरवावी, जोडणी चालू करावी आणि पहिला लोंढा मोजावा. मग तासभर तीस अँपिअर चालवून रिले, फ्यूज होल्डर व प्रत्येक लग हाताने चाचपावा. ज्यावर हात ठेववत नाही तो सांधा बाद. रिलेच्या दोन टोकांमध्ये मीटर लावून पाहावे, ०.१ व्होल्टहून जास्त गळत असेल तर तो रिले वापरू नये. हेच शंभर वेळा, नोंदवहीत तारखेसह. त्यानंतर ते एका गाडीत बसवून काळ्या मातीच्या रस्त्यांवर महिनाभर फिरवावे, रिलेवर पाणी मारावे आणि नट पुन्हा तपासावेत. उस्तादाने हे काम शागिर्दाकडे सोपवले तरी वही स्वतः पाहावी.

सुरुवात एकाच गाडीपासून करावी. समजा बोलेरो घेतली, तर तिच्या मापाच्या कापलेल्या तारा, पट्टी, बॅटरीचा लोखंडी पाट, दोन्ही फ्यूज, रिले, कट-आउट आणि मराठी-उर्दूत जोडणीचा कागद, एवढे एका खोक्यात द्यावे. प्रत्येक किटवर क्रमांक टाकावा, म्हणजे तक्रार आली की कोणत्या मालाचा रिले होता ते कळेल. बॅटरीची किंमत बिलात वेगळी लावावी, नाहीतर तिची वॉरंटीही आपल्या गळ्यात पडते. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा नावाची किंमत काय असते हे आपण पाहिले. कारागिराचे नाव किटवर असले तर तोही तार बारीक टाकायला धजणार नाही. मोठ्या प्रमाणावर विकायचे झाल्यास पुण्याची एआरएआय ही १९६६ साली सुरू झालेली संस्था वाहनांच्या सुट्या भागांची चाचणी करते, तिथे विचारणा करावी.

कायद्याची बाजूही सोडू नये. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणी दाखल्यातील तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यास मनाई करते. बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग न कापता वेगळ्या तारांनीच काम करावे. दावा नाकारला गेला तर नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि बदनामी कारागिराची.

बसवल्यानंतर गिऱ्हाइकाला एक स्वस्त डिजिटल मीटर द्यावा आणि तीन आकडे पाठ करून घ्यावेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे आजच चार्जरला लावा. महिन्यातून एकदा बॅटरीचे पाणी पाहावे आणि नट आवळावेत. जुनी बॅटरी मात्र गल्लीत फोडायला देऊ नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती विक्रेत्यामार्फत परत जायला हवी, विक्रेता तिचे पैसेही वळते करून देतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि आपल्या पेठांत वर्कशॉप आणि घर यांच्यामध्ये बहुधा एकच भिंत असते.