एकच चटका, दोन दुखणी

मित्रांनो, एक साधा प्रश्न. दुखणं नक्की कुठे असतं? तुम्ही म्हणाल, जखमेत! मीही तेच म्हटलं असतं. पण माझ्या हातावर भाजल्याचे दोन डाग आहेत, त्यांनी मला विचारात पाडलं.

पहिला डाग हिवरा आश्रमचा. मेहकर तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझं आजोळ. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या तिथल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो. महाप्रसादाला प्रचंड गर्दी रांगा धरून जमिनीवर बसते आणि पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते! एका वर्षी वाढताना गरम भाजी माझ्या मनगटावर सांडली. "भाजलं का वो बाई?" म्हणत कुणीतरी पटकन पाणी ओतलं आणि मी पुढच्या पंगतीत वाढायला गेले. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा कुठे हाताची आग जाणवली.

दुसरा डाग सोल्डरिंग आयर्नचा, पहिल्यापेक्षा लहान. प्रॅक्टिकल चालू होतं, चटका बसला आणि आजूबाजूचे हसले. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो डाग चार दिवस ठसठसत होता. असं का?

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 'गेट कंट्रोल थिअरी' मांडली. जखमेतून निघालेला सिग्नल सरळ मेंदूत जात नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, तिथे तो कमी-जास्त होतो आणि मेंदूही वरून त्या फाटकाला हुकूम सोडतो. थिअरीचे तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. आपल्या भाषेत सांगायचं तर दुखणं म्हणजे नुसती वायर नाही, मध्ये व्हॉल्यूमचं बटण असलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे.

मग हे बटण फिरवतं कोण? भीती, लक्ष, जुने अनुभव... आणि आजूबाजूची माणसंसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना दिसलं, की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना विचारूनही वेदनाशामक औषध नको होतं. त्यांच्यासाठी जखमेचा अर्थ होता, 'लढाईतून जिवंत सुटलो!' २००६ मध्ये जेम्स कोअन यांनी १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून पायाला विजेचा झटका बसेल असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना त्यांच्या मेंदूतली धोक्याची गडबड बरीच कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला.

म्हणजे माणसांत राहिलं की दुखत नाही, असं का? थांबा. आता माझ्या आजीची गोष्ट ऐका.

दोन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत आजी अंगणात घसरून पडली. घर माणसांनी भरलेलं होतं. ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सुजलेला हात आईच्या नजरेला पडला. एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. चार दिवस तिने त्याच हाताने भाकरी थापल्या होत्या!

मी विचारलं, "आजी, दुखत नव्हतं का गं तुला?"

"रातभर ठनकत होतं माय. पन कोनाले सांगू? सारे कामात."

घरात सगळे म्हणाले, "जुनी माणसं काटक!" मलाही आधी तसंच वाटलं. पण नाही. माझं दुखणं माणसांमुळे कमी झालं होतं. आजीचं कमी झालंच नव्हतं, फक्त तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि खरा धोका इथेच आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मला 'पेन' हा एकच शब्द पटकन सुचतो. आजीकडे ठणका, कळ, चमक, शिणक, आग, सल असे कितीतरी शब्द आहेत. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचे असेच ७८ शब्द घेऊन रुग्णांसाठी प्रश्नावली तयार केली. आजीकडे शब्द होते, पण विचारणारं कुणी नव्हतं.

वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये म्हटलंय, की वेदनेवर शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा परिणाम होतो. माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान ठेवावा. आणि तो बोलला नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं धरू नये.

मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला कुणाला चटका बसला तर आधी हात पाण्याखाली धरायला लावा, मग वाटलं तर हसा. आणि सुट्टीत घरी गेलात की आजीला नुसतं "बरी आहेस ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. जवळ बसा आणि विचारा, "कुठे दुखतंय?"

मी आता तेच विचारते. पहिल्यांदा आजी हसली. दुसऱ्यांदा तिने गुडघा पुढे केला.