तुळशीच्या पाल्यातील कोळी : काढणी व वाळवणीच्या वेळी घ्यावयाची काळजी



गेल्या ऑक्टोबरमध्ये एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये गेलो होतो. तुळशीच्या जुड्या दोरीवर टांगलेल्या होत्या. जुड्यांच्या वरच्या टोकांना बारीक जाळी धरली होती आणि त्यावर तांबूस ठिपके हलत होते. घाबरून त्यांनी टांगलेल्या मालावरच कीटकनाशक फवारले होते. कोळी मेले, पण माल खरेदीदाराने परत केला. तपासणीत औषधाचा अंश सापडला होता. तुळशीचा पाला चहात व काढ्यात जातो. त्यावर मारलेले औषध धुऊन निघत नाही, ते पिणाऱ्याच्या पोटात जाते.

कोळ्याची ओळख

कोळी हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात व त्याची लांबी सुमारे अर्धा मि.मी. असते. तो पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो. पानावर प्रथम पांढुरके ठिपके दिसतात, मग पान पिवळे पडते व शेंड्याला जाळी धरते. उष्ण व कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. म्हणून पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुढे फेब्रुवारीपासून त्याचा जोर वाढतो.

लाल कोळी जिवंत पानाच्या रसावर जगतो. पाला सुकू लागला की उपासमारीने तो तेथून निघतो, टोकाला गोळा होतो आणि धाग्याच्या व वाऱ्याच्या आधाराने दुसरीकडे जातो. म्हणजे वाळविण्यानेच त्याचा बंदोबस्त होतो. मागे राहतात ती जाळी, कात व मेलेले कोळी. हा कचरा मालात येऊ नये म्हणून काम शेतातच सुरू करावे लागते.

काढणीपूर्वी

1. काढणीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. हलणारे ठिपके दिसल्यास कोळी आहे असे समजावे.
2. पीक लहान असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. काढणी जवळ आल्यावर तोही टाळावा, कारण पाल्याला वास व कडवटपणा येतो.
3. काढणीच्या दोन दिवस आधी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पुष्कळ कोळी गळून पडतात.
4. जाळी धरलेल्या फांद्या आधी वेगळ्या कापून पुरून टाकाव्यात. चांगल्या मालात मिसळू नयेत.
5. दव उडाल्यावर, कोरड्या उन्हात काढणी करावी.

पूर्वी कोळ्यासाठी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल आता वापरू नये. त्यावर 2023 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली आहे.

वाळविताना

वाळवणीची जागा मिरची, वांगी किंवा गुलाबाच्या उभ्या पिकापासून दूर असावी. पाला सावलीत, हवेशीर जागी, दोन इंचांपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरावा व दिवसातून दोनदा हलवावा. कडक उन्हात पाला काळा पडतो व सुगंधी तेल उडून जाते. ड्रायर असल्यास तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये. जुड्या टांगल्या असल्यास दोन दिवसांनी टोके पाहून जाळी धरलेला भाग कापून टाकावा. पाला पूर्ण वाळल्यावर बारीक चाळणीवर झटकून सुपाने पाखडावा. त्या वेळी नाका-तोंडाला फडके बांधावे, कारण ही धूळ काहींना बाधते.

पुरेसा वाळला का?

पान चुरले की भुगा व्हावा आणि देठ वाकविताच कट्‌कन मोडावा. वजनावरूनही अंदाज येतो. 100 किलो ओल्या पाल्यात 80 टक्के पाणी धरले तर 10 टक्के ओलाव्याला सुमारे 22 किलो माल उरतो. तो 25 किलो भरला तर अजून 20 टक्के ओलावा आहे. असा माल पोत्यात भरू नये.

साठवणीत

अर्धवट वाळलेल्या मालात बुरशी येते व त्यावर दुसऱ्या जातीचे पांढुरके साठवणीतील कोळी वाढतात. त्यांना दमट हवा लागते. दर पंधरा दिवसांनी मूठभर माल काळ्या कागदावर झटकून उजेडात पाहावा. पांढरी धूळ हलताना दिसली तर माल पुन्हा वाळवावा व चाळावा. धुरीच्या गोळ्या घरात मुळीच वापरू नयेत. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो, आणि कोळ्याची अंडी त्याला सहज दाद देत नाहीत. माल आतून प्लॅस्टिक लावलेल्या स्वच्छ पोत्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवावा.

थोडक्यात, कोळी शेतात रोखावा, शेडमध्ये हवेने व चाळणीने काढावा आणि पोत्यात ओलावा जाऊ देऊ नये. तुळस एकदा कापली की तिच्यावर औषधाचा पंप उचलू नये.